दार जरा हळू लावजो!

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत जुन्या व्हॅनमधून जाणाऱ्याला दोन सूचना मिळतात. चढताना, "दाराले हात नोका लावू, भाऊ." आणि उतरल्यावर, "राहू द्या, राहू द्या, मी लावतो." या दोन सूचनांच्या मधे जे काही घडतं त्याला प्रवास म्हणायचं. तो आर्वीच्या दवाखान्यापर्यंतचा असो, मोर्शीच्या लग्नापर्यंतचा असो, नाहीतर नागपूरच्या विमानतळापर्यंतचा. मालकाचं अर्धं ध्यान रस्त्यावर आणि अर्धं दारावर असतं. टायरांची नक्षी कधीच पुसली गेलेली असते. हॉर्न वाजवायचा तर स्टिअरिंग आधी थोडं डावीकडं घ्यावं लागतं. काच खाली करायचं हँडल एकच असतं आणि ते गरजेप्रमाणे या दारातून त्या दारात बदलीवर जातं. यातल्या कशाचंही मालकाला काही वाटत नाही. पण सरकत्या दाराच्या मुठीला परक्याचा हात लागला की तो भर गप्पांतून उठून धावतो.

गाव तसं लेचंपेचं नाही. १६ ऑगस्ट १९४२ला, नागपंचमीच्या दिवशी, इथल्या लोकांनी इंग्रजांच्या पोलीस ठाण्यावर चाल केली. माणसांनी जीव दिले आणि गावाच्या नावाला 'शहीद' हा शब्द कायमचा लागला. ज्या गावानं इंग्रज सरकारचं ठाणं हलवून सोडलं, त्या गावाला पत्र्याचं एक दार दाद देत नाही. नागपंचमीला हुतात्म्यांना अभिवादन करायला आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं व्हॅना भरभरून येतात, तेव्हा भाषण सुरू होण्याआधी पाच-पंचवीस दारं आपटल्याचे आवाज येतात. सगळेच आवाज एकाच गाडीचे असण्याचीही शक्यता असते.

सरकतं दार ही काही आपली युक्ती नव्हे. फोक्सवॅगनच्या व्हॅनला ते १९६७मध्ये कायमचं बसलं. अमेरिकेत क्रायस्लरनं १९८३च्या अखेरीस घरच्या माणसांसाठी म्हणून व्हॅन काढली, आणि वर्षभरात, १९८४मध्ये, मारुतीची व्हॅन आपल्याकडं आली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली दडवलेलं आणि मागं दोन्ही अंगांना सरकती दारं. १९८८मध्ये कंपनीनं तिचं नाव ओम्नी ठेवलं. पस्तीस वर्षं चालून २०१९मध्ये ती बंद झाली, कारण सुरक्षिततेचे नवे नियम तिच्या सपाट नाकाला परवडणारे नव्हते. तिची जागा घ्यायला २०१०पासूनच ईको हजर होती. तिच्याही दोन्ही बाजूंना सरकती दारं, आणि २०२३पर्यंत तिनं दहा लाखांचा आकडा ओलांडला. म्हणजे मोटारींच्या जगात दर वर्षी काही ना काही नवं येत असलं तरी दार ओढून धाडकन लावण्याची कला महाराष्ट्रात सुखरूप आहे.

विदर्भातल्या तालुक्याच्या गावाला ही गाडी का मानवली, हे सांगायला तज्ज्ञ नको. सकाळी तीत शाळेची पोट्टी बसतात. दुपारी मागची सीट काढली की संत्र्याचे क्रेट बसतात. संध्याकाळी सीट परत लावली की व्याही बसतात. अरुंद बोळात गाडी भिंतीला चिकटवून उभी केली तरी दार उघडतं, कारण ते बाहेर फाकत नाही, मागं सरकतं. निदान कंपनीच्या कागदावर तरी तसंच लिहिलेलं असतं.

हिंदी सिनेमानं मात्र या दाराची फार दिशाभूल करणारी जाहिरात केली. पांढरी व्हॅन कचकन थांबते, दार सर्रकन सरकतं, दोन हात बाहेर येतात, नायकाची बहीण आत, दार बंद, मागं नुसता धुराळा. चार सेकंदांत कारभार आटोपतो. दिग्दर्शकानं नवी कोरी गाडी वापरली म्हणून हे जमलं. आष्टीतली वीस वर्षांची एखादी व्हॅन घेतली असती तर गुंडानं आतून दोन-तीन हिसके मारले असते, मग ओरडला असता, "बाहेरून मूठ उचल ना बे!" बाहेर आपलं माणूस कोणीच नाही. शेवटी नायकाच्या बहिणीलाच विनवावं लागलं असतं, "ताई, तेवढं वर उचलून मांगं ढकला ना." ती स्वभावानं चांगली, तिनं ढकललंही असतं. पण ती आत बसल्यावर दार लागलं नसतं. ते लागेपर्यंत हिंदी सिनेमातले पोलीससुद्धा वेळेवर पोचले असते.

आता हे दार बिघडतं कसं, ते पाहू. त्याचं शास्त्र साधं आहे. रूळ तीन: एक छताजवळ, एक खाली पायरीपाशी आणि एक बाहेरून, मागच्या पत्र्यावर. प्रत्येक रुळात दाराचा एक हात शिरलेला आणि त्या हाताच्या टोकाला रोलर. उघडताना दार आधी थोडं बाहेर येतं, मग मागं जातं. लावताना पुढं येतं आणि शेवटच्या वीतभर अंतरात आत वळून लॉकमध्ये बसतं. सगळं भांडण त्या शेवटच्या वळणावर. रूळ तिथं वाकलेला, रोलर तिथं सर्वांत जास्त घासणार, आणि दाराचा भार तर रोज त्या रोलरांवरच. रोलर झिजला की दार काही मिलिमीटर खाली बसतं. तेवढं पुरे. मग गाडीच्या अंगावरचा खटका एका उंचीवर, दारातलं लॉक दुसऱ्या उंचीवर, आणि दोघांची गाठ पडायची तर मालकाला दार उचलून धरत, एका गुडघ्यानं रेटत, तोंडानं 'हां, हां, आता' असं म्हणावं लागतं. तोंडानं म्हटल्याशिवाय लॉक बसत नाही, असा सर्वांचा अनुभव आहे.

याला जोड आपल्या काळ्या मातीची. पावसाळ्यात ती चपलांना चिकटून पायरीच्या रुळात उतरते आणि मे महिन्यात तिची वीट होते. तिच्यात काय नसतं? संत्र्याच्या सालीचे तुकडे, कपाशीचे तंतू, बिस्किटांचा चुरा, पेन्सिलीचं टोक, केसांचं रबर, लग्नातल्या अक्षता, हरवली म्हणून जिच्यासाठी घरात भांडण झालं ती शर्टाची गुंडी. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरनं रूळ खरवडू लागला की गाडीनं वर्षभरात काय काय कामं केली ती उलट्या क्रमानं बाहेर पडतात: वर शाळा, तिच्याखाली लग्नसराई, सर्वांत तळाला मृग बहार.

मालकाचा यावरचा उपाय ठरलेला. तेल! कधी इंजिनातून काढलेलं काळं तेल, कधी ग्रीस, फारच घाई असली तर वहिनींच्या नकळत स्वयंपाकघरातलं. दोन दिवस दार एका बोटानं सरकतं आणि मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते बोट दाखवतो. तिसऱ्या दिवशी तेलावर धूळ बसते. रुळात काळं मलम तयार होतं आणि रोलरची उरलीसुरली झीज ते व्यवस्थित पूर्ण करतं. मिस्त्री रोलर काढून तळहातावर ठेवतो आणि निकाल देतो, "रोलर गेले ना भाऊ. दाराचा काहीच दोष नाही." आष्टीचे मिस्त्री दाराला कधी दोष देत नाहीत. त्यांचा रोख नेहमी दार लावणाऱ्यावर असतो.

बिघडलेल्या दारांची गावात काही प्रमुख घराणी आहेत. एक, बाहेरून न उघडणारं. दोन, आतून न उघडणारं. पुष्कळ गाड्यांत ही दोन्ही घराणी सुखानं नांदतात: डावं दार फक्त आतून, उजवं फक्त बाहेरून. अशा गाडीतून जाताना घरातलं निदान एक माणूस सतत बाहेर आणि एक सतत आत राहील, असं नियोजन करावं लागतं. एकट्यानं बाहेरगावी जायचं असेल तर मालक डिकीतून चढतो आणि त्याबद्दल कोणी काही विचारत नाही.

तीन, मूठ हातात येणारं. यात पाहुण्याची फार कुचंबणा होते. मूठ हातात घेऊन तो उभा राहतो. परत द्यावी की खिशात घालावी हे त्याला समजत नाही. मालक ती शांतपणे घेतो, जागेवर खोचतो आणि म्हणतो, "काही नाही, ते निंघते." पुढं मूठ जाऊन तिथं नाडा येतो. नाडा हा कंपनीच्या मुठीपेक्षा टिकाऊ असतो, हेही नमूद केलं पाहिजे.

चार, रूळ सोडणारं. हे दार उघडत नाही, अंगावर येतं. पाहुणा त्याला मिठी मारून उभा राहतो आणि आतून सगळे ओरडतात, "सोडू नोका! धरून ठेवजा!"

पाच, न लागणारं. आणि यातच खरी विद्या आहे. सरकतं दार मागं उघडतं, त्यामुळे गाडीनं वेग घेतला की अर्धवट लागलेलं दार मागं पळतं आणि ब्रेक लावला की पुढं धावतं. मुरलेला ड्रायव्हर दार लावायला खाली उतरतच नाही. तो गाडी हळू सोडतो, मागं नजर टाकतो आणि करकचून ब्रेक मारतो. दार धडाडत येऊन बसतं. दाराबरोबर मागचे प्रवासीही पुढं येतात, पण ते हळूहळू परत जातात. एका ब्रेकमध्ये दार लावणाऱ्याला स्टँडवर मान असतो. तीन ब्रेक लागले तर लोक समजतात की ड्रायव्हर नवा आहे किंवा गाडी अमरावतीकडची आहे. गाडी वर्धेची की अमरावतीची, हे एमएच ३२ आणि एमएच २७ वाचूनही कळतं, पण ब्रेकवरून लवकर कळतं. ही विद्या धोक्याची आहे, पोलिसांना नापसंत आहे आणि ती कोणी कोणाला शिकवल्याचं कबूल करत नाही.

शाळेच्या व्हॅनचं शास्त्र आणखी वेगळं. तिथं प्रश्न दाराचा नसून बोटांचा असतो. म्हणून व्हॅनवाले काका दाराला हात घालण्याआधी ओरडतात, "हात वर!" सगळी पोट्टी दोन्ही हात वर करतात. दार धाडकन लागतं. हात खाली. ही कवायत इतकी अंगी मुरते की वर्गात बाकाचं झाकण किंवा कपाट बंद करताना बाईंनी आवाज केला तरी मागच्या बाकावरचे दोन-चार हात आपोआप वर जातात, आणि बाईंना वाटतं, उत्तर येतंय.

परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न मात्र निराळाच. आमचा एक पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडं जुनी, पण मोटरवर चालणाऱ्या सरकत्या दारांची मोठी व्हॅन आहे. किल्लीवरचं बटण दाबलं की दार तीनदा पीं-पीं करतं आणि स्वतःहून मागं जातं. डिसेंबरात तो गावी आला की आमच्या व्हॅनमधून उतरतो, दार सताड उघडं सोडतो आणि चालू लागतो. दार आपलं आपण येईल, अशी त्याची श्रद्धा. शेजारच्या काकू ओट्यावरून विचारतात, "काहून रे बाबू, तिकडं दारं नसतात का गाड्याइले?"

उलट, त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, त्याच्याकडं सहा महिने राहायला गेल्या तेव्हा त्या दाराची परीक्षा झाली. मोटर दार सावकाश सरकवत होती. वहिनींना तेवढा दम नव्हता. आष्टीच्या सवयीनं त्यांनी मूठ धरली, पाय रोवला आणि हिसका दिला. मोटर एकीकडं, वहिनी एकीकडं. काही दिवस वहिनी जिंकत होत्या. मग दार अर्ध्यात थांबू लागलं, आणि पुढं रुसलेल्या जावयासारखं अर्ध्या वाटेवरून परत फिरू लागलं.

मोटरच्या दाराचे आजारही तसे ठरलेलेच. दार ओढायला आत पोलादी तारेची केबल असते आणि ती मोटरजवळच्या ड्रमवर गुंडाळली जाते. वर्षानुवर्षं वळून तिचं प्लॅस्टिकचं आवरण फाटतं, तारेचे धागे सुटतात, ते ड्रममध्ये अडकतात आणि एक दिवस दळल्याचा आवाज येऊन दार थांबतं. विजेच्या तारा गाडीतून दारात जातात, त्या प्रत्येक उघड-मिटीला वाकतात. आतलं तांबं तुटतं आणि बाहेरून काही दिसत नाही. दाराच्या कडेला दाब ओळखणारी पट्टी असते. बोट किंवा पिशवी मधे आली की दार मागं फिरावं म्हणून ती लावलेली. म्हणजे आमच्या काकांचं 'हात वर'च, फक्त बिनआवाजी. पण रूळ घाणीनं भरला, रोलर झिजला की दाराला जास्त जोर लागतो आणि यंत्राला वाटतं, मधे कोणीतरी आहे. कोणी नसतं. खाली बर्फावर टाकलेलं मीठ असतं, चिप्सचा चुरा असतो आणि लेकराचा एक मोजा असतो. सात समुद्रांपलीकडं जाऊनही आजार रुळाचाच.

काही वेळा तर दार बिघडलेलंही नसतं. बॅटरी उतरलेली असते. गाडी उतारावर उभी असते. मोटरचा मुख्य स्विच कोणाच्या तरी गुडघ्यानं बंद झालेला असतो. वहिनींबरोबर गेलेले आमचे भाऊसाहेब तिथल्या पेट्रोल पंपावर उतरू लागले तर त्यांच्या बाजूचं दार हलेना. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "गेलं हेही!" गेलं नव्हतं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं असलं की पुष्कळ गाड्यांत त्या बाजूचं सरकतं दार अडवलेलं असतं, नाहीतर ते मागं जाऊन नळीवर आदळेल. भाऊसाहेबांना ही सोय समजावून सांगितली. ते म्हणाले, "आपल्या गाडीत ही सोय पहिलेपासून हाय. टाकी उघडी असो की बंद, ते दार उघडतच नाही."

पुतण्यानं दुरुस्तीचा अंदाज काढला. मोटर आणि केबल मिळून हजारावर डॉलर. त्यानं रुपये करून पाहिले आणि मग तिकडचे हजारो लोक करतात तेच केलं: मुख्य स्विच बंद केला. आता तो दार हातानं ओढतो. मोटर न चालताही दाराला चिकटून असल्यामुळे ते आमच्या दारापेक्षा जड जातं. फोनवर मी विचारलं, "कसं लावतोस मग?" तो म्हणाला, "थोडं उचलून, गुडघ्यानं रेटून." संस्कार वाया जात नाहीत.

मोठमोठ्या कंपन्यांनाही या दारानं घाम फोडला आहे. नोव्हेंबर २०१६मध्ये टोयोटानं २०११ ते २०१६ या मॉडेल वर्षांच्या सिएन्ना व्हॅना परत बोलावल्या, एकट्या अमेरिकेत सुमारे ७ लाख ४४ हजार. सरकतं दार कुठं अडलं आणि मोटरवर जास्त भार येऊन फ्यूज उडाला, तर लॉक सुटलेल्या अवस्थेत राहून चालत्या गाडीत दार उघडण्याची शक्यता होती. ही बातमी मी चहाच्या टपरीवर वाचून दाखवली. सगळे गंभीरपणे ऐकत होते. मग एक म्हातारे व्हॅनवाले म्हणाले, "चालत्या गाडीत दार उघडते म्हणून गाडी वापस? असं म्हटलं तं आपल्या तालुक्यात एकही गाडी नाही राहणार, बाप्पा."

आता मोटरची सरकती दारं आपल्याकडंही आली आहेत. किआची कार्निव्हल २०२०च्या फेब्रुवारीत भारतात आली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये नवी आली तेव्हा तिची शोरूम किंमत ६३ लाख ९० हजार होती. तेवढ्यात आष्टी तालुक्यात शेत येतं, विहीर येते आणि वर दोन व्हॅना येतात. नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगावच्या एखाद्या ढाब्याशी अशी गाडी थांबली आणि दार कोणाचा हात न लागता सरकलं की आजूबाजूचे लोक उठून उभे राहतात, कारण त्यातून मंत्रीच उतरणार असं सर्वांनी धरलेलं असतं. उतरतं एक लहान पोरगं, शू करायला. लोक बसतात. पण एक जण बराच वेळ खालच्या रुळाकडं पाहत राहतो आणि शेजाऱ्याला सांगतो, "आता ठीक हाय. एक पावसाळा जाऊ दे."

त्याचं खरं आहे. दार हाताचं असो की मोटरचं, नव्वद हजारांच्या जुन्या गाडीचं असो की साठ लाखांच्या नव्या गाडीचं, त्याचा शत्रू पायरीपाशी, खालच्या रुळात बसलेला असतो. म्हणून वाचकहो, पावसाळा संपल्यावर एकदा आणि लग्नसराई संपल्यावर एकदा, दात घासायचा जुना ब्रश घ्या आणि तिन्ही रूळ कोरडे साफ करा. ग्रीस लावायचंच तर चिमूटभर, रोलरच्या आसाला. रूळ भरून नको. रोलर झिजला असेल तर तो बदला, अख्खं दार बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. मोटरच्या दाराशी कुस्ती खेळू नका, आणि हाताचं दार स्वतःहून लागेल म्हणून वाट पाहू नका. गाडीत लेकरं असतील तर त्यांचे हात दिसल्याशिवाय दार ओढू नका. आणि एवढं सगळं करून ते लागलं नाही, तर मिस्त्रीकडं जा. आपटल्यानं आजवर एकही रोलर दुरुस्त झालेला नाही.